येऊरचे बिबटे चांदोलीला पाठवायचे म्हणे!

येऊर म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कची ठाण्याकडची बाजू. तिथून जवळच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'येऊरचे बिबटे पकडून चांदोली राष्ट्रीय उद्यानात सोडा. तिथे डोंगर आहेत, दाट जंगल आहे, माणूस नाही. बिबटे खूश, ठाणेकर निर्धास्त.' खाली अंगठ्यांची रांग.

'माणूस नाही' हे उद्यानाच्या हद्दीपुरतं खरं, तेही वारणा खोऱ्यातली गावं उठवली म्हणून. पण क्षेत्र आहे जेमतेम 317 चौरस किलोमीटर. पूर्वेला उतरलात की सांगली जिल्ह्यातला शिराळा तालुका, आणि तिथल्या उसात बिबटे आधीच वावरतात. म्हणजे आपली धास्ती ऊसतोडणी करणाऱ्यांच्या गळ्यात मारायची!

बरं, चांदोलीत भेकर, सांबर, गवे आहेत तसे बिबटेही आहेत, आपापल्या हद्दी धरून. नवख्याला कोण टिकू देईल? तो सरकत सरकत वस्तीकडेच येणार.

हे तर्काने सांगत नाही. 2001 ते 2003 दरम्यान जुन्नर परिसरात शेतातले बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. या काळात ते 17 वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. मेसेज लिहिणाऱ्याने निदान एवढं तरी वाचायचं होतं.

पुढचा दावा: 'सोडला की राहील तिथेच.' 2009 मध्ये माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या हायवे, रेल्वे ओलांडत कुठे पोचला माहितीये? शंभराहून जास्त किलोमीटर चालून आपल्याच बोरिवलीच्या नॅशनल पार्कात.

आणखी एक सवाल: 'ताडोबाची वाघीण चांदोलीत नेली, मग बिबट्या का नको?' कारण सह्याद्रीत वाघ जवळजवळ उरले नव्हते. निवडून आणलेली वाघीण आधी कुंपणात ठेवली, जागेची सवय होऊ दिली. बिबट्यांची तिथे वानवा नाही.

शेवटचा दावा: 'इथले गेले की प्रश्न मिटला.' येऊरच्या पायथ्याशी रविवारी रात्री फिरून बघा. पार्ट्यांनंतर फाटलेल्या काळ्या पिशव्या, चिकनची हाडं आणि त्यांवर तुटून पडलेली कुत्री. बिबट्या या कुत्र्यांसाठी खाली उतरतो. एक उचलला तर रिकाम्या हद्दीत आतल्या जंगलातून दुसरा येईल, बहुधा तरुण, माणसांत कसं लपून राहायचं हे अजून न शिकलेला.