मे महिन्यातला पाचोळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘तापमान वाढलं की जंगलाची माती जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते, असं तुम्ही मागच्या लेखात लिहिलंत. आमच्या गावामागच्या ऐन-किंजळाच्या रानात मे महिन्यात माती तव्यासारखी तापते, पण पाचोळा जसाच्या तसा पडून असतो. कुजतो तो आषाढात, गारव्यात. मग तुमचा नियम अमेरिकेपुरताच का? आणि माती सोडते तो कार्बन झाडं परत घेतातच, मग काळजी कसली?’

तुमचं निरीक्षण अचूक आहे आणि माझं वाक्य अपुरं होतं. ‘ओल असेल तर’ हे शब्द त्यात हवेच होते.

माझा सगळा भर मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टच्या प्रयोगावर होता. तिथे जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून, जमिनीखाली १० सेंटिमीटरवर विजेच्या तारा पुरून, माती शेजारच्या मातीपेक्षा ५ अंशांनी उबदार ठेवली आहे. पण तिथे पाऊस आणि बर्फ वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. ओल बहुतेक वेळा असतेच, त्यामुळे मातीचा श्वास, म्हणजे मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, कमीजास्त होतो तो मुख्यतः तापमानाने. सह्याद्रीत जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि सर्वांत उष्ण दिवस नेमके कोरडे.

पाचोळा कुजवून हा वायू सोडणारे जिवाणू मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात जगतात. अन्न त्यांच्यापर्यंत विरघळून येतं. थर आटला की पाचोळ्याचा ढीग शेजारी असूनही त्यांची उपासमार होते. ऊन कितीही असो, काम बंद.

मग वळीव येतो. मागच्या वर्षी पहिल्या सरीनंतर तिसऱ्या दिवशी मी रानात जाऊन पाचोळ्याचा वरचा थर उचलला. वरची पानं पुन्हा वाळून कुरकुरत होती. खालची मात्र एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. त्या दोनतीन दिवसांत माती जो वायू सोडते तो आधीच्या कोरड्या दिवसांच्या कितीतरी पट असतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी वाळलेली माती पुन्हा भिजवल्यावर येणारी ही उसळी तपासून १९५८ मध्ये त्यावर लेख लिहिला. आज तिला बर्च परिणाम म्हणतात. दुष्काळात मेलेले जिवाणू वाचलेल्यांचं अन्न होतात, मातीची ढेकळं फुटून आत दडलेला सेंद्रिय अंश उघडा पडतो, आणि जिवंत जिवाणू कोरड्यात तग धरण्यासाठी साठवलेले पदार्थ बाहेर टाकतात.

पाणी जास्त झालं तरी गाडी अडते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. म्हणून ऐन पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या खोलगट जागेत कुजणं मंदावतं आणि निचरा होणाऱ्या उतारावर जोरात चालू राहतं. तुमच्या रानात दोन्ही जागा असतील, पानं उचलून बघा.

झाडं कार्बन परत घेतातच, हा तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. माती सोडते त्या वायूचा काही भाग मुळांच्या श्वासातून येतो. तो झाडांनी नुकताच हवेतून घेतलेला असतो, त्याचा हिशोब जुळतो. पण मातीत वर्षानुवर्षं मुरलेला अंश कुजायला लागला तर तूट पडते. हार्वर्ड फॉरेस्टमध्ये २६ वर्षांत गरम केलेल्या मातीच्या वरच्या ६० सेंटिमीटरमधला सुमारे १७ टक्के कार्बन गेला, आणि तोही सलग नव्हे: पहिली दहा वर्षं भराभर, मग काही वर्षं थांबून पुन्हा काही वर्षं. मधल्या शांत वर्षांत कुणी मोजणं सोडलं असतं तर ‘माती सावरली’ असं समजून बसलो असतो.

आपल्याकडे म्हणूनच पारा आणि पावसाच्या तारखा दोन्ही सोबत मोजायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये माती वाळून पुन्हा सर पडली की दरवेळी नवी उसळी. मूळ लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलं आहे. यंदा तुमच्याकडे वळवाच्या सरी कोणत्या तारखांना आल्या आणि मधे किती दिवस कोरडे गेले, हे लिहून ठेवलंत तर मला जरूर कळवा.