पद्मदुर्गावर गेलात तर तोफांच्या आधी चुना बघा

आपल्या सोलापूरची पोरं जंजिऱ्याला जातात, राजपुरीला शिडाच्या होडीत बसतात, कलाल बांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि लगेच परतीला लागतात. जंजिरा भारीच आहे, वादच नाही. पण मुरूडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात अजून एक किल्ला दिसतो बघा, पद्मदुर्ग, तिकडचे लोक कासा पण म्हणतात. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला महाराजांनी तो बांधला, आणि आज तिथं फारसं कुणी फिरकत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथं नेमकं काय बघायचं तर भिंती. साडेतीनशे वर्षं खारं वारं आणि लाटा खाऊन तटाचे दगड झिजून आत गेलेत, कुठं कुठं तर वीतभर, पण दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा आहे, मधमाशीच्या पोळ्यासारखा. दगडाच्या बारीक छिद्रात खारं पाणी शिरतं, ते वाळलं की आत मिठाचे खडे तयार होतात आणि ते आतूनच दगडाची भुकटी करत राहतात. दगड हरला आणि चुना टिकला! ज्या माणसांनी तो चुना मळला त्यांची नावं कुठंच नाहीत, मला तर तिथं त्यांच्यापुढंच हात जोडावेसे वाटले.

दुसरं म्हणजे पाण्याची टाकी. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला तीन बाजूनी खंदक आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, तिथं किल्लेदाराला पाण्याची काय काळजी असणार. इथं चारी बाजूनी पाणीच पाणी पण घोटभर पिता येत नाही, म्हणून ही टाकी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला ती बघून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको. पडकोटाचा, म्हणजे मुख्य तटाबाहेरच्या कोटाचा, बुरूज कमळाच्या पाकळ्यांचा आहे, सुंदरच आहे, इकडं तिकडं तोफा पडल्यात, पण त्या तोफांमागची माणसं जगली ती टाक्यातल्या पाण्यावर आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या धान्यावर.

हे महाराजांना किती पक्कं माहीत होतं ते त्यांच्या पत्रात दिसतं. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानं पद्मदुर्गाच्या कामावरच्या दौलतखान आणि दर्यासारंग या आरमाराच्या सरदारांना पैसा आणि धान्य वेळेवर पोचवलं नाही म्हणून महाराजांनी त्याला असं झापलंय की वाचताना अंगावर काटा येतो. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या, म्हणजे सिद्दीच्या ठाण्याच्या, उरावर दुसरी राजपुरी केली, हे त्याच पत्रात आहे. लढाईबद्दल आपण तासन्‌तास बोलतो ओ, रसदेबद्दल कुणी बोलत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, पद्मदुर्ग नाही. यादीत नसला तरी चालेल एकवेळ, पण उद्या कुणी डागडुजी करायला गेलं तर तिथं सिमेंट अजिबात नको. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, मग मीठ बाहेर पडायला जागा राहत नाही आणि उरलेला दगड अजून लवकर फुटतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच पाहिजे, तो मळणारे कारागीर शोधा, वेळ लागला तर लागू दे. आणि हे आपल्या भुईकोटाला पण लागू आहे, कुठल्याही जुन्या तटाला लागू आहे.

जायचं असेल तर पावसाळा सोडून जा. मुरूडच्या कोळीवाड्यात आधी चौकशी करा, भरती-ओहोटी बघून ते सांगतील तीच वेळ धरा, तिथं घाई करू नका. पिण्याचं पाणी सोबत न्या आणि बाटल्या परत आणा. झिजलेल्या तटावर चढू नका, तो चुना दिसायला दांडगा आहे पण त्याच्या कडा आता आधाराशिवाय उभ्या आहेत.