'मेदवेद'मधला 'व' कुणाचा?

नमस्कार. प्रतिक्रिया पोटतिडकीने लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं की, रशियन 'मेदवेद' (अस्वल) म्हणजे मी लेखात लिहिलं तसं 'मध खाणारा' नव्हे, तर मधाचा 'वेद' असणारा, मध कुठे आहे ते जाणणारा. आणि हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला.

त्यात 'वेद' ऐकू येतो हे खरंच. रशियनमध्ये 'वेदात' म्हणजे जाणणे, त्यामुळे तिकडेही कित्येकजण अशीच फोड करतात. पण हा 'व' जाणण्याचा नाही, मधाचा आहे! प्राचीन स्लाव्हिकमध्ये, म्हणजे रशियन ज्यातून आली त्या भाषेत, मधाचा शब्द आपल्या 'मधु'सारखाच उकारान्त होता, 'मेदु'. त्याला खाण्याचा धातू 'एद' जोडला गेला. उकारापुढे स्वर आला की काय होतं, ते आपण शाळेत घोकलंय: मनु + अंतर = मन्वंतर. तसंच मेदु + एद = मेद्वेद. पुढे 'वेद' असता तर मूळ रूप 'मेदुवेद' व्हायला हवं होतं. हाच 'एद' रशियन 'ओबेद'मध्ये, म्हणजे दुपारच्या जेवणात, आजही आहे. आपल्याकडे तो 'अद्', ज्यापासून 'अन्न' आलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात तर 'मध्वदः' असा शब्दच आहे, मध खाणारे. तिथे तो पक्ष्यांसाठी आलाय. हे साम्य पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

म्हणून शब्द संस्कृतातून गेला का? नाही. 'मेदु'तला एकार ग्रीक 'मेथू'तही आहे आणि तोच जुना. संस्कृतात त्याचा अकार झाला. या भाषा बहिणी आहेत. शिवाय संस्कृतात अस्वल म्हणजे 'ऋक्ष'. ग्रीक 'आर्क्टोस' आणि लॅटिन 'उर्सुस' त्याचेच सख्खे.

स्लाव्हिकमध्ये मात्र हे जुनं नाव उरलंच नाही. ते भीतीपोटी टाळलं गेलं, असं मी ठामपणे लिहिलं होतं. तुमचा त्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. तो अभ्यासकांचा तर्क आहे, लेखी पुरावा नाही. लेखातलं वाक्य बदललंय. तरी मला तो तर्क पटतो. रशियात अस्वलाला आजही 'खझ्याइन', म्हणजे मालक, म्हणतात. आणि माझी आजी दिवेलागणीनंतर 'साप' हा शब्द तोंडातून काढत नसे. गोठ्याकडे निघालं की बजावायची, "कंदील घेऊन जा रे, लांबडं असेल."