कोण आलं नाही?

माझ्या वडिलांना, आप्पांना प्रभूत निजून सव्वा महिना झाला. स्मरणसभेत जे बोलले ते मनापासून बोलले, सगळ्यांचे आभार. पण जवळजवळ प्रत्येकजण १९७१ च्या युद्धावरच बोलला. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, आजच्या बांगलादेशातलं जमालपूर, १० डिसेंबरची रात्र. खरंच आहे ते. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनी पत्र पाठवलं आणि पाकिस्तानी कर्नलकडून उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली, ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकलीय. फक्त आप्पांची गोष्ट विजयावर संपायची नाही. ती संपायची सकाळच्या गिनतीवर. "फॉल इन झालो. नावं पुकारली. काही नावांना 'हाजिर' आलंच नाही." एवढं बोलून ते उठायचे आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायला जायचे.

मला वाटतं, त्यानंतरची पन्नास वर्षं ते तीच गिनती घेत राहिले.

हवालदार म्हणून पेन्शनवर आले, एमआयडीसीत सिक्युरिटीला लागले आणि काही वर्षांनी मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, त्यांना डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, निवडलं. अर्पणाची थैली फिरवणं, पैसे मोजून वहीत चढवणं, प्रभुभोजनाचे पेले धुऊन पुसून ठेवणं ही कामं सगळेच डीकन करतात. आप्पा दाराशी, शेवटच्या बाकावर बसायचे आणि पहिलं गीत चालू असताना डोकी मोजायचे. उपासना सुटली, सगळ्यांना सलाम करून झाला, की एम-८० ला किक. जो आला नाही त्याच्या दारात अर्ध्या तासात आप्पा उभे. उपदेश नाही, "का आला नाहीत" नाही. पाणी प्यायचं, तब्येत विचारायची, काय हवंनको बघायचं आणि निघायचं.

त्यांच्या काळ्या ट्रंकेत मला कॅन्टीनमधून आणलेल्या डायऱ्या सापडल्या. एकूण १४. प्रत्येक रविवारी तीन-चार ओळी. "बाक ३, आजी गैरहजर. गुडघा. चहापत्ती संपलेली, दिली." "सुताराचा थोरला नाही. कामावरून काढलंय, घरी सांगितलेलं नाही. आपणही बोलायचं नाही." दुसरी ओळ वाचून मी डायरी मिटली. ते गुपित त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता मला जे बोलायचंय ते बोलते, राग आला तरी चालेल. हल्ली डीकनची निवड जवळ आली की फोनाफोनी सुरू होते, गट पडतात, कोणाच्या घराण्यात हा मान आजवर होता ते काढलं जातं. मान कसला? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होत होती, अशी कुरकुर झाली म्हणून ते सात जण निवडले. पंगतीत वाढायला! त्या सातांतला स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा, झाला, पण निवड झाली ती वाढप्या म्हणून. आप्पा हा अध्याय अक्षरशः पाळायचे. नोव्हेंबर आला की साताऱ्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या फौजींच्या विधवा आमच्या ओट्यावर. हयातीचा दाखला, आधार, फॅमिली पेन्शन. एकीचं नाव रेकॉर्डला हौसा आणि आधारवर हौसाबाई. तेवढ्या 'बाई'साठी आप्पांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला किती पत्रं लिहिली, त्याच्या पोचपावत्या अजून ट्रंकेत आहेत. त्या बायकांतली एकही ख्रिस्ती नव्हती.

हे वेगळं सांगायचं कारण आहे. साताऱ्यात जन्म घालवलेल्या माणसाला "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारणारे भेटायचे, आणि मंडळीतही कुणी विचारायचं, "शिवाजी महाराजांचा जयजयकार करत तुम्ही लढलात, ते कसं काय?" आप्पा म्हणायचे, "महाराज साताऱ्याच्या माणसाचे नाहीत तर कुणाचे?" पलटणीत मंदिर परेडला ते सगळ्यांबरोबर उभे राहिले, खिशात बायबलचा नवा करार ठेवून. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले दोघांनाही जागा होती, याचं आप्पांना फार कौतुक. त्यांच्या डायरीतही तसंच. मंडळीच्या रजिस्टरला नाव नसलेली, कधीतरी येऊन मागे बसून जाणारी माणसंही गिनतीत धरलेली.

घरात तर विचारूच नका. आईचं डावं अंग गेलं तेव्हा आप्पा सत्तरीला आलेले. भाकरी शिकले. पहिले काही दिवस भाकरी बोटभर जाड, मग हळूहळू पदर सुटायला लागला. रोज सकाळी ते आईची वेणी घालायचे, बुटाची नाडी आवळावी तशी घट्ट. आई एका बाजूने हसत म्हणायची, "अहो, जरा सैल." ते सोडून पुन्हा घालायचे. पाच वर्षं रोज.

आई गेली आणि मी देवावर रुसले. पुण्याहून साताऱ्याला यायची, पण रविवारी देवळात पाऊल ठेवायची नाही. आप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही. दर रविवारी दुपारी फोन मात्र यायचा, "जेवलीस का गं?" मला वाटायचं, म्हातारपणी वेळ जात नाही म्हणून करतात. डायरीत अडीच वर्षांचे रविवार आहेत आणि प्रत्येक रविवारी पहिली ओळ माझी. "बेबी नाही. फोन केला. जेवली आहे."

शेवटच्या लिहिलेल्या पानावर तीन ओळी आहेत, अक्षर थरथरलेलं. दोघांकडे मी आणि भाऊ जाऊन आलो. तिसरी ओळ अशी: "माहुलीची मावशी, दोन रविवार नाही. मुलगा मुंबईला." रजिस्टरमध्ये या मावशींचं नाव नाही, पाळकसाहेबांनाही ठाऊक नाही. माहुलीत चौकशी केली, पत्ता लागला नाही. मागच्या बाकावर खिडकीशी बसायच्या, हिरवं लुगडं, एवढंच एकीला आठवतंय. कुणाला त्यांचं घर माहीत असेल तर कृपा करून कळवा. येत्या रविवारी उपासना सुटली की मी जाणार आहे.