जुना मित्र तोडावा कसा?

पूर्वी मित्र तोडायला काहीतरी कारण लागायचं. बांधावरची चार बोटं जमीन, बुडवलेले उसने पैसे, नाही तर एकाच मुलीला दोघांनी लिहिलेली चिठ्ठी. आता एवढी तयारी लागत नाही. सकाळी साडेसहाला अंथरुणातच बसून, चूळही न भरता, चाळीस वर्षांची मैत्री संपवता येते आणि चहा निवायच्या आत मोकळं होता येतं. मी स्वतः दीड वर्षापूर्वी हे काम यशस्वीपणे पार पाडलेलं आहे. तेव्हा सांगतोय ते पुस्तकी नाही.

आधी मित्र नीट निवडा. कालपरवा ओळख झालेल्या माणसाशी भांडण्यात राम नाही. माणूस असा हवा की ज्याने तुम्हाला सायकल शिकवली, ज्याच्या आईच्या हातचं खाऊन तुम्ही मोठे झालात, ज्याला तुमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे असतो ते न विचारता सापडतं. त्याचा पक्ष वेगळा असेल तर चालेल, धर्म वेगळा असेल तर उत्तम. दोन्ही वेगळे असतील तर सोन्याहून पिवळं. माझं नशीब थोर, मला दोन्ही एकाच माणसात मिळालं.

आम्ही मिरजेचे. तो तंतुवाद्यं करणाऱ्या घरातला. त्याच्या दुकानाच्या फळीवर बसून आम्ही इतकी वर्षं भांडलो की एखाद्या संध्याकाळी आवाज आला नाही तर शेजारचा दुकानदार डोकावून चौकशी करायचा. त्याला माझा नेता ढोंगी वाटायचा, मला त्याचा. देवाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकदा मूर्तिपूजेवरून असं पेटलं की मी तडक उठून चालू लागलो. तो मागून ओरडला, "छत्री घेऊन जा की, पाऊस हाय." हा जो प्रकार आहे ना, तो आधी बंद व्हायला हवा. भांडता भांडता समोरच्याची छत्री आठवत असेल तर त्याला भांडण म्हणत नाहीत.

२००९ च्या गणपतीत आमच्याकडे अफझलखानवधाच्या कमानीवरून गाव पेटलं, संचारबंदी लागली. मैत्री मोडायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण तेव्हा आम्ही दोघंही कच्चे होतो. रोज फोन व्हायचा. कमान हवी होती की नको यावर तासभर कडाकडा वाजायचं. तो त्याचं सोडायचा नाही, मी माझं. फोन ठेवताना मात्र तो विचारायचा, दूध मिळालं का तुमच्या गल्लीत? अशाने गेली ती संधी.

म्हणून माझा सल्ला, समोरासमोर भांडूच नका. फळीवर बसून भांडताना मध्येच गिऱ्हाईक येतं, चहा येतो, त्याची मुलगी गणित विचारायला येते आणि तुम्हालाच ते सोडवून द्यावं लागतं. रागाला सलग वेळ मिळत नाही. मोबाइलवर ही अडचण नाही. तिथे शाळेचा ग्रुप असतो, बघायला साठ माणसं असतात, आणि चहाचे पैसे कुणालाच द्यावे लागत नाहीत.

मत स्वतःचं वापरू नका. स्वतःचं मत असलं की ते पटवून द्यावं लागतं, पटवताना थोडा विचार करावा लागतो, आणि विचार करताना समोरच्याचा एखादा मुद्दा बरोबर निघायची भीती असते. तयार मजकूर पुढे ढकलावा. मी ज्या मजकुराने आमची मैत्री संपवली तो मी आजतागायत पूर्ण वाचलेला नाही. खाली निळ्या अक्षरात 'पुढे वाचा' असं होतं, नाही वाचलं. त्याने जो उलट पाठवला तो त्यानेही वाचला नसणार, कारण त्याच्या शेवटी टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात होती. म्हणजे बघा, मैत्री आमची तुटली, पण भांडलं कोण? दोन अनोळखी माणसं, आणि त्यातलं एक तेल विकत होतं. दंगलीला जे जमलं नाही ते त्या तेलाने केलं.

यानंतर अनेकवचनाकडे वळावं. हे फार गुणकारी आहे. मराठीत आदर द्यायलाही अनेकवचन आणि हाकलून द्यायलाही अनेकवचनच. काल गटाराबद्दल बोलताना तो 'तू' होता, आज त्याला 'तुम्ही लोक' म्हणा. 'तुला काय वाटतं' याला काहीतरी उत्तर येतं आणि मग ते ऐकून घ्यावं लागतं. 'तुमच्या लोकांना काय वाटतं' याला उत्तरच नसतं, कारण तो काही त्यांचा सरपंच नाही. पाठोपाठ निषेध मागा. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात सकाळी सातला काही झालं आणि सव्वासातपर्यंत मित्राचा निषेध आला नाही, तर त्याचं मौन बोलकं आहे असं ग्रुपवर जाहीर करा. एकदा त्याने उलट माझ्याकडेच एका गोष्टीचा निषेध मागितला. मी म्हणालो, मी काय त्यांचा मुनीम आहे का? पुढच्या वेळी मी मागितला तेव्हा त्याने हेच वाक्य मला ऐकवलं. तेव्हा नवीन वाक्यं करताना जरा जपून.

थोरांची चरित्रं घरात असतील तर काही दिवस माळ्यावर टाका. फार वाईट संस्कार होतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांची व्याकरणापासून सगळी टर उडवली होती. पुढे १८८२ साली त्याच चिपळूणकरांचे सोबती टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापल्यावरून बदनामीच्या खटल्यात सापडले. जामिनाची दहा हजारांची सोय कुणी केली? फुल्यांनी, आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना सांगून. त्या काळचे दहा हजार! आपण असतो तर निदान 'आता कसं वाटतंय?' एवढं तरी लिहिलंच असतं. पुढे टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि मग समाजसुधारणेवरून एकमेकांची सालटी काढली. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तो काही 'केसरी'ला ओवाळायला नव्हे. आणि १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला टिळकांनी. इतकं भांडून शेवटी हे. ब्लॉक करायची सोय नसली की माणसं अशी भरकटतात.

एक गोष्ट मात्र जपून ठेवा. १९१६ मध्ये टिळकांच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, तेव्हा हायकोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली आणि तो हुकूम रद्द करून घेतला. हे ग्रुपवर टाकलं की दोन्ही बाजू एकदम भडकतात. एका दगडात दोन मित्र.

एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद तर उघडूच नका. दोघं एकमेकांच्या देवाधर्माचे असे वाभाडे काढतात की आज दोघांवरही गुन्हा दाखल झाला असता, आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. सोळाव्या शतकातल्या पैठणला रेंज नव्हती, त्याचा हा परिणाम.

सहलीलाही जपून जा. आमच्याच सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, गोटखिंडी नावाचं गाव आहे. तिथे १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. असलं काही डोळ्यांनी पाहिलं की महिनाभराची मेहनत वाया जाते. २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. काय योग! मी आदल्या रात्री मजकूर तयार करून ठेवला होता. तर बऱ्याच गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं परस्पर ठरवून टाकलं. माझा मजकूर अजून मोबाइलमध्ये तसाच पडून आहे.

बहिष्कार घालणार असाल तर घरातल्या वस्तू आधी तपासून घ्या. मी जोरात सुरुवात केली होती. फळवाला बदलला, पंक्चरवाला बदलला, आणि गुरुवारी भजनाला बसलो तर मांडीवर तंबोरा. पंढरपूरकडचा भोपळा, मिरजेचा मुसलमान कारागीर आणि वर आमचा 'सुंदर ते ध्यान'. आता यातला बहिष्कार घालायचा भाग नेमका कुठून सुरू होतो? मंडळात तीन बैठका झाल्या. तूर्त तंबोरा वापरायचा, पण त्याच्याकडे बघायचं नाही, असं ठरलं आहे.

पुरोगामी मंडळींनी हे वाचून खूश व्हायचं कारण नाही. त्यांचीही सोय आहे. त्यांनी दुसऱ्या धर्माचा एक मित्र संग्रही ठेवावा, वादात 'माझे कितीतरी मित्र' असं म्हणत काढून दाखवावा आणि परत कपाटात ठेवावा. त्याला काय वाटतं ते विचारू नये, तो भलतंच काहीतरी बोलण्याचा संभव असतो. आणि आपल्या सख्ख्या आतेभावाने दुसऱ्या पक्षाला मत दिलं असेल तर त्याला थेट हुकूमशहांच्या रांगेत बसवून त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊ नये.

नेत्यांचं अनुकरण करू नका, हे मात्र बजावून सांगतो. त्यांना हा विषय कळत नाही. बाळासाहेब ठाकरे भर सभेत शरद पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हणायचे, आणि २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी उमेदवारच दिला नाही. ते जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. २३ नोव्हेंबर २०१९ ला फडणवीस आणि अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला. त्याच महिन्याच्या २८ ला त्यांच्या विरोधकांचा. ३० जून २०२२ ला आणखी एक. २ जुलै २०२३ ला पहाटेचे ते दोघे पुन्हा एकाच मंत्रिमंडळात. कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं याचा हिशेब ठेवता ठेवता आमच्या ग्रुपमधून अकरा जण बाहेर पडले. नेते सगळे एकमेकांकडे जाऊन आले. हे अकरा अजून परतलेले नाहीत. याला म्हणतात निष्ठा.

शेवटी देणी-घेणी. उसने पैसे तुम्ही घेतलेले असतील तर तत्त्वाचा प्रश्न जरा लवकर काढावा. तत्त्वासाठी तुटलेल्या मैत्रीत पैसे मागायला फार लाज वाटते. माझ्याकडे पैसे नव्हते, वस्तू होत्या. शिडी, ड्रिल मशीन, ती छत्री, सगळं मी मुलाच्या हाती परत पाठवून दिलं. एक डबा तेवढा राहिला.

स्टीलचा, कडीचा. शेवटच्या ईदेला शिरखुर्मा आला होता तो. झाकणावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं आहे. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, आणि भरून द्यायचा तर कुणीतरी घेऊन जायला हवं. दीड वर्ष तो फ्रिजवर बसून माझ्याकडे बघतोय. परवा बायकोने मला न विचारता त्यात चकल्या भरल्या. मी म्हटलं, मी काही जाणार नाही. ती म्हणाली, "नका जाऊ. चकल्या सादळतील, बाकी काय."

तेव्हा दर्ग्याकडे कुणी जाणार असेल तर कळवा. डबा फळीवर ठेवायचा आणि निघायचं, बोलायचं काही नाही. त्याने विचारलंच तर सांगा, बरा आहे. आणि त्याने पाठवलेलं ते तेल मी मागवलं होतं. तीन बाटल्या झाल्या, एक केस आलेला नाही, हेही सांगा.