फुईचे केसपेपर मागणाऱ्या लेकीला तिची माय ‘त्रयस्थ’ कशी?

संक्रांतीच्या आधी आमची फुई, म्हणजे आत्या, सरकारी दवाखान्यात वारली. चार दिवस ॲडमिट होती. शेवटच्या रात्री मीच तिच्याजवळ होतो. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे थांबले तेव्हा दोनदा सिस्टरच्या टेबलापर्यंत पळत गेलो. टेबलावर कोणीच नव्हतं. पहाटे फुई गेली.

ताई, म्हणजे फुईची लेक, सुरतेहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य, गंधमुक्ती झाल्यावर ती एवढंच बोलली, “मन्ही मायले काय व्हयनं, इतलंच माले समजाले पाह्यजे.”

केसपेपर मागायला गेलो तर तोंडी सांगितलं, माहिती अधिकारात टाका. टाकला. ताईच्या नावाने जोडपत्र ‘अ’चा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मृत्यूचा दाखला, मायलेकींची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं: माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.

त्रयस्थ! जिने हिला जन्म दिला ती. ताईने ते पत्र घडी घालून पदराखाली धरलं, ते मला अजून दिसतं.

मित्रांनो, बहुतेक माणसं इथेच थांबतात, आणि असं पत्र पाठवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. नोव्हेंबर २०२५ पासून हे कलम आणखी आवळलंय. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द लिहिले की नकार तयार. मला हा बदल अन्यायाचा वाटतो. तरीही कलम ८(२) शाबूत आहे. माहिती उघड करण्यातलं लोकहित मोठं असेल, तर ती देता येते. नकार देताना कारणं, अपिलाची मुदत आणि कोणाकडे जायचं हे कळवणं कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. आमच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं. आणि नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी अपिलात त्यांची असते, आपली नाही.

नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत जोडपत्र ‘ब’ आणि वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. त्यात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातलगाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात. आणि १९९६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की केसपेपर देताना दवाखान्याला गुप्ततेची सबब चालणार नाही. गुप्तता फुईची होती. ती गेल्यावर तिच्या लेकीपासून ती राखायची कोणासाठी?

पोचपावतीवर आवक शिक्का मारून घ्या. हे लई महत्त्वाचं. तोंडी शब्दाला पुढे कोणी विचारत नाही.

सुनावणीला ताई भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला उतरली. अपिलीय साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, एवढं मान्य करतो. पंधरा दिवसांत प्रती द्या, असा आदेश झाला. नसता झाला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील करायचं, हे ठरलेलंच होतं.

परवा कागद हातात आले. ताईने ओट्यावर बसून एकेक पान बोटाने वाचलं. शेवटच्या रात्रीच्या नर्सिंग चार्टवर दोनची नोंद आहे, सहाची आहे. मधले रकाने कोरे आहेत.

त्या रकान्यांबद्दलचा अर्ज आज टपालात टाकला.