यातली खरी कुठली?

आमच्या घरात पैसा बेताचाच, पण पैशाच्या हिशेबाच्या फायली मात्र उदंड. पगार महिन्यातून एकदा येतो, फाइल दर पाच मिनिटांनी.

ही कृपा ग्नूकॅश नावाच्या सॉफ्टवेअरची. ते फुकट आहे म्हणूनच आमच्याकडे आलं. १९९८ पासून चालत आलंय, म्हणजे आमच्या संसाराहून जुनं आणि स्वभावानेही जरा जास्तच शिस्तीचं. त्याची पद्धत दुहेरी नोंदीची. रुपया गेला एवढं सांगून भागत नाही, कुठल्या खात्यातून निघाला आणि कुठल्या खात्यात पोचला, दोन्ही सांगावं लागतं. दुसरी बाजू सांगितली नाही तर ते भांडत नाही, गुपचूप ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या, म्हणजे न जुळलेल्या रुपयांच्या, खात्यात रक्कम टाकून मोकळं होतं. रिक्षा, सुट्टे नसल्याने सोडून दिलेले पैसे, कुणाच्या तरी मुंजीचं पाकीट, सगळं तिथे. घरातलं भरभराटीला आलेलं तेवढं एकच खातं.

तर हिशेब लिहायला फारसा वेळ लागत नाही. लिहिलेला जपायचा कसा, तिथून खरा वनवास सुरू होतो. खिडकी बंद करायला जावं तर सॉफ्टवेअर बजावतं की सेव्ह केलं नाहीत तर गेल्या ४ मिनिटांतले बदल जातील. आता त्या ४ मिनिटांत मी फक्त कोथिंबीर लिहिलेली असते. पण मिनिटं मोजून सांगितली की माणसाचा धीर सुटतो. त्यात पाच-पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करायची सोय आहे, आणि ती हवी का असं पहिल्यांदा विचारताना समोर चार उत्तरं ठेवली जातात: ‘हो, या वेळी’, ‘हो, नेहमी’, ‘नाही, कधीच नाही’, ‘नाही, या वेळी नाही’. मुलगी बघून आल्यावर निरोप कळवायलाही आमच्या घराण्याने इतक्या वाटा कधी मोकळ्या ठेवल्या नव्हत्या.

मी ‘हो, नेहमी’ म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक सेव्हला जुनी फाइल बाजूला ठेवली जाते, तिच्या नावाला वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद अशी चौदा आकडी शेपटी लागते, आणि शिवाय मधल्या नोंदींची एक लॉग फाइल वेगळी. तीस दिवसांपेक्षा जुन्या झालेल्या फायली सॉफ्टवेअर स्वतःच काढून टाकतं. ही सफाई मी बंद केली आणि ‘कायम ठेवा’वर टिचकी मारली. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पुढे काय लागेल ते आधी कुणाला कळतं?

बाबांनी एकदा चष्मा पुसून तो फोल्डर पाहिला. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. कॅश जुळल्याशिवाय रात्री घरी न आलेल्या पिढीतले.

“यातली खरी कुठली?”

“सगळ्याच खऱ्या, बाबा.”

“असं कसं? आमच्या ब्रँचमध्ये दोन कॅशबुकं सापडली असती तर मॅनेजर सस्पेंड झाला असता.”

मी त्यांना ३-२-१ चा नियम समजावून सांगितला. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो लोकांच्या गळी उतरवला: प्रती तीन, ठेवायची साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. बाबांना त्यातलं ‘घराबाहेर’ अजिबात रुचलं नाही. घरातला हिशेब घराबाहेर? शेवटी तडजोड म्हणून फाइल झिप करून तिला पासवर्ड घातला, कारण त्या फाइलला स्वतःचं कुलूप नसतं. आत सगळा साधा मजकूर, नुसता दाबून बसवलेला. पेन ड्राइव्ह ताईबरोबर सांगलीला गेला. भावोजींनी त्यात रिकामी जागा आहे असं पाहून अभंग भरले आणि तो गाडीत लावला. आमची घराबाहेरची प्रत गेली दोन वर्षं सांगली-मिरज रस्त्यावर विठ्ठलाच्या भरवशावर फिरते आहे.

आता ३१ मार्च. २०११ पासून हा दिवस जगात बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. ज्याने तो ठरवला त्याला आपल्याकडे त्या दिवशी काय चाललेलं असतं याची कल्पना नसावी. कर वाचवणाऱ्या पावत्या शोधणारा माणूस आणखी काय म्हणून वाचवणार? पण बाबांना योग फार आवडला. वर्षअखेर आणि बॅकअप एकाच मुहूर्तावर! रात्री जेवणं उरकून आम्ही संगणकापुढे बसलो, आणि वीज गेली.

आली तेव्हा फाइल उघडेना. संदेश असा की फाइलवर कुलूप आहे, दुसरं कुणीतरी ती वापरत असावं. प्रोग्रॅम अचानक बंद पडला की त्याची कुलपाची .एलसीके फाइल मागे राहते, एवढीच ती गोष्ट. ‘तरीही उघडा’ म्हटलं की उघडते. पण बाबांनी ‘दुसरं कुणीतरी’ वाचलं आणि वळून माझ्या बायकोकडे पाहिलं.

“मला काय करायचाय तो हिशेब,” ती म्हणाली. “त्यात आहे काय?”

हे बोलणं बाबांना जास्त लागलं की त्या हिशेबाला, ते सांगता येणार नाही, कारण तिसरा मी होतो.

फाइल उघडली, बेरजाही जुळल्या. बाबांचं समाधान होईना. जिला हात लागलेला नाही अशी प्रत हवी. भावोजींना फोन झाला. ते बिचारे पार्किंगमध्ये गेले, अभंगांतून फाइल हुडकली, पाठवली. पासवर्ड?

“मी लिहून ठेवलाय,” बायको म्हणाली. “कालनिर्णयवर, जानेवारीच्या पानावर, दुधाच्या खाड्यांखाली. मागच्या का त्याच्या मागच्या वर्षीच्या.”

जुनं कालनिर्णय आमच्याकडे रद्दीत जात नाही. आई त्याची पानं सुटी करून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरते. रात्री साडेअकराला डबे उतरवायला सुरुवात झाली. पोह्यांखाली श्रावण निघाला, साखरेखाली चंपाषष्ठी. तेलाच्या बरणीखाली हवं ते जानेवारी सापडलं, आणि पासवर्डाची शेवटची दोन अक्षरं तेलाने खाल्लेली.

“अरे, जुळलंय ना सगळं? मग झोपा आता,” आई म्हणाली.

मी डबे परत लावू लागलो. बाबा मात्र डाळींच्या फळीपाशी वाकून उभे होते. हातात २०१९ च्या मे महिन्याचं पान, आणि चेहऱ्यावर कॅश जुळत नसतानाचं ते जुनं तेज.

“मे महिन्यात आपण कोकणात होतो. तुझ्या आईने खाडे बरोबर मांडलेत बघ. आणि खाली पैसे दिलेत ते एकतीस दिवसांचे!”

“बाबा, सहा-सात वर्षं झाली त्याला.”

“पुरावा आहे,” बाबा पान घडी करून खिशात ठेवत म्हणाले. “सकाळी दूधवाला आला की मला उठव.”